वर्गखोली मुलांची कशी होते?

एखाद्या प्राथमिक शाळेच्या वर्गात गेल्यावर भिंतींवर काय लावले आहे हे पाहण्याआधी ते कोणी लावले, कोणाच्या सांगण्यावरून लावले आणि ते काढण्याचा अधिकार कोणाला आहे, हे विचारून पाहावे. बहुतेक ठिकाणी तिन्ही प्रश्नांना ‘शिक्षक’ हेच उत्तर मिळते. तक्ते सुबक असतात, रंग ताजे असतात, आणि तरीही त्या खोलीत वर्षभर बसणारी मुले तिथे बिचकत वावरतात. विचारल्याशिवाय कपाट उघडत नाहीत, खडू संपला तर बाईंकडे पाहत राहतात, आणि बाक मोडला तर मोडलेली वस्तू ‘शाळेची’ असते, त्यांची नसते.

गोव्यात शाळेविषयीची आपुलकी नवी नाही. मुक्तीपूर्वी देवळांच्या सभामंडपांत आणि घरांच्या पडव्यांत मराठी शाळा भरत. 1961 नंतर, विशेषतः 1963 मध्ये मुख्यमंत्री झालेल्या दयानंद बांदोडकर यांच्या कारकिर्दीत, सरकारी प्राथमिक शाळा खेडोपाडी पोहोचल्या, आणि ‘आमच्या गावची शाळा’ हा भाव पेडण्यापासून काणकोणपर्यंत रुजला. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीनचतुर्थांश जागा पालकांना देऊन त्या भावाला कायद्याचा आधारही दिला. मात्र शाळा गावाची झाली म्हणजे वर्ग आपोआप मुलांचा होत नाही. शाळेवर गावाचा हक्क असूनही त्याच शाळेत दिवसाचे पाच-सहा तास काढणाऱ्या मुलाला तिथली एकही गोष्ट ठरवता येत नाही, असे सहज घडू शकते.

‘हे माझे आहे’ ही भावना मनात कशी तयार होते, यावर मानसशास्त्रात बराच विचार झाला आहे. जॉन पियर्स, तातियाना कोस्तोव्हा आणि कर्ट डर्क्स या अभ्यासकांनी 2001 च्या सुमारास तिची एक मांडणी केली. ती मुळात कंपन्यांत काम करणाऱ्या माणसांविषयी आहे, पण वर्गखोलीला ती चपखल लागू पडते. कागदोपत्री मालकी नसतानाही एखादी गोष्ट आपली वाटू लागण्याच्या तीन वाटा त्यांनी सांगितल्या आहेत. त्या गोष्टीवर आपला काही ताबा असणे ही पहिली, ती गोष्ट आतून-बाहेरून ओळखीची असणे ही दुसरी, आणि तिच्यात आपले श्रम, वेळ व कल्पना ओतलेल्या असणे ही तिसरी. वर्गाचे वातावरण घडवताना या तीन वाटा मोकळ्या आहेत की बंद, एवढे तपासले तरी पुष्कळ गोष्टी स्पष्ट होतात. तयार तक्ते विकत आणून लावले तर तिसरी वाट बंद होते. शैक्षणिक साहित्याला कुलूप असेल तर दुसरी. आणि कोण कुठे बसणार, कोणता खेळ खेळायचा, वाचायला कोणते पुस्तक घ्यायचे हे सारे वरून ठरत असेल तर पहिली.

यांपैकी सर्वांत अवघड वाट पहिली, म्हणून तिच्याविषयी थोडे सविस्तर लिहितो. मुलांना निर्णय देणे म्हणजे सगळे निर्णय देणे नव्हे, हे सगळ्यांना मान्य असते. पण जे निर्णय दिले ते खरोखर दिले पाहिजेत, इथे आपण वारंवार अडखळतो. ‘आपल्या वर्गाचे नियम आपण सगळे मिळून ठरवू या’ असे म्हणून शिक्षक मुलांकडून तेच पाच नियम वदवून घेतात, जे त्यांनी आधीच वहीत लिहून ठेवलेले असतात. मुलांना हे लगेच कळते. पर्यावरण-मानसशास्त्राचे अभ्यासक रॉजर हार्ट यांनी 1992 मध्ये युनिसेफसाठी मुलांच्या सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. तिच्या खालच्या तीन पायऱ्या त्यांनी सहभागात धरल्याच नाहीत: मुलांना हवे तसे वापरून घेणे, त्यांना शोभेपुरते उभे करणे आणि त्यांचे मत केवळ विचारल्यासारखे करणे. आपल्या वार्षिक कार्यक्रमांकडे आणि बालसभांकडे या शिडीवरून पाहिले तर त्यांतले बरेच या खालच्या पायऱ्यांवरच थांबलेले दिसतात.

म्हणून माझा आग्रह असा आहे की निर्णय थोडे द्यावेत, पण ते पाळण्याची आपली पूर्ण तयारी असेल तेच द्यावेत. वाचनकोपरा खिडकीजवळ असावा की मागच्या भिंतीशी, हे मुलांनी ठरवले आणि शिक्षकाला ते गैरसोयीचे वाटले, तरी महिनाभर ते तसेच राहिले पाहिजे. पावसाळ्यात खिडकीतून झड आत येते आणि पुस्तके भिजतात, हे मुलांना स्वतःच्या अनुभवातून कळले, त्यावर त्यांनी पुन्हा बसून विचार केला आणि जागा बदलली, तर तो कोपरा त्यांचा झाला. शिक्षकाने पहिल्याच दिवशी ‘तिथे पाणी येते’ असे सांगून जागा ठरवली असती तर पुस्तके भिजली नसती, पण कोपरा शिक्षकाचाच राहिला असता. (जी पुस्तके भिजणे परवडणार नाही ती या काळात कपाटात ठेवावीत, एवढी खबरदारी घेणे शिक्षकाचे काम आहेच.)

निवडीला इतके महत्त्व का द्यायचे, याचे उत्तर एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन या मानसशास्त्रज्ञांच्या संशोधनात मिळते. त्यांच्या मते माणूस आतल्या ओढीने काम करतो तेव्हा त्याच्या तीन गरजा भागत असतात: आपण हे आपल्या इच्छेने करतो आहोत असे वाटणे, आपल्याला हे जमते असे वाटणे आणि आपण कोणाशी तरी जोडलेले आहोत असे वाटणे. डेसी यांनी 1971 मध्ये महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवर केलेल्या प्रयोगात, कोडे सोडवण्यासाठी ज्यांना पैसे दिले गेले त्यांचा त्या कोड्यातला रस पैसे थांबल्यावर कमी झाला. 1973 मध्ये मार्क लेपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लहान मुलांबाबत असेच काही पाहिले. चित्र काढण्याची आवड असलेल्या ज्या मुलांना ‘चित्र काढलेस तर प्रशस्तिपत्र मिळेल’ असे आधी सांगितले होते, ती मुले नंतर मोकळ्या वेळात इतर मुलांच्या सुमारे निम्माच वेळ चित्रे काढत बसली. ज्यांना प्रशस्तिपत्र अनपेक्षितपणे मिळाले त्यांची आवड मात्र टिकून राहिली. वर्ग स्वच्छ ठेवणाऱ्या गटाला दर शनिवारी तारे आणि बक्षिसे देण्याची पद्धत अनेक शाळांत आहे. हेतू चांगलाच असतो. पण त्यातून मुलांना नकळत कळते ते इतकेच, की वर्ग झाडणे हे बाईंचे काम आहे आणि आपल्याला त्याची मजुरी मिळते.

आता भिंतींकडे वळू. वर्गाच्या भौतिक रचनेचा शिकण्यावर किती परिणाम होतो, याचा एक मोठा अभ्यास इंग्लंडमधल्या सॅलफर्ड विद्यापीठाने 2015 मध्ये प्रसिद्ध केला. 27 प्राथमिक शाळांमधल्या 153 वर्गखोल्या आणि 3,766 मुले त्यात होती. मुलांच्या वर्षभराच्या प्रगतीत जो फरक दिसला, त्यातला सुमारे 16 टक्के वर्गाच्या भौतिक गुणांशी जोडता आला. त्यातला निम्मा भाग उजेड, हवा आणि तापमान यांचा होता. उरलेला साधारण सारखाच दोन गोष्टींत वाटला गेला. एक म्हणजे रंग आणि मांडणी यांमुळे लक्ष किती खेचले जाते, आणि दुसरी म्हणजे खोली तिथल्या मुलांना साजेशी व त्यांची स्वतःची आहे का. मालकीची भावना ही केवळ गोड कल्पना नसून शिकण्याशी जोडलेली मोजता येण्यासारखी बाब आहे, हे या अभ्यासातून दिसते. बाकांची उंची मुलांना योग्य असणे आणि भिंतीवर मुलांनी स्वतः केलेले काम असणे, या गोष्टी त्यात मालकीच्या सदरात मोजल्या होत्या.

याच अभ्यासातली दुसरी सूचना मला तितकीच मोलाची वाटते: भिंतीचा साधारण 20 ते 50 टक्के भाग मोकळा ठेवावा. भिंतींवर गर्दी झाली की काय होते, हे ॲना फिशर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2014 च्या प्रयोगात दाखवले. बालवाडीच्या वयाच्या 24 मुलांना विज्ञानाचे काही पाठ सजवलेल्या खोलीत आणि काही उघड्या भिंतींच्या खोलीत शिकवण्यात आले. उघड्या भिंतींच्या खोलीत मुलांची सरासरी 55 टक्के उत्तरे बरोबर आली, सजवलेल्या खोलीत 42 टक्के. प्रयोग लहान आहे, हे लक्षात ठेवले पाहिजे; तरीही छतापासून जमिनीपर्यंत भिंत भरून टाकणे म्हणजे चांगला वर्ग, हा समज त्यामुळे डळमळायला हवा. शाळेची पाहणी होणार असली की आठवडाभर राबून भिंती भरणाऱ्या शिक्षिकांचे कष्ट मला दिसतात, आणि ते कष्ट मुलांपर्यंत फारसे पोहोचत नाहीत याचे वाईटही वाटते.

मोकळी भिंत म्हणजे मुलांसाठी राखलेली जागा. ती मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर हवी, म्हणजे पहिली-दुसरीसाठी जमिनीपासून जेमतेम तीन-साडेतीन फुटांवर. तिथे काय लावायचे, किती दिवस ठेवायचे आणि कधी उतरवायचे हे मुलांनी ठरवावे. गोव्यातल्या चिऱ्यांच्या भिंतींना पावसाळ्यात ओल येते, गिलाव्यावर चिकटवलेला कागद दोन दिवसांत सुटतो आणि त्यावर बुरशी धरते, हा सर्वांचाच अनुभव आहे. म्हणून दोन खिळ्यांमध्ये सुंभ किंवा दोरी ताणून कपड्याच्या चिमट्यांनी कागद अडकवण्याची सोय उत्तम. तिला खर्च नाही, ती मुलाच्या हाताला पोहोचते, आणि आपले चित्र स्वतः लावता व स्वतः काढता येते. दोरीची ही साधी सोय मला महागड्या सूचनाफलकापेक्षा अधिक उपयोगी वाटते, कारण फलकाची काच आणि किल्ली पुन्हा मोठ्यांकडेच राहते.

स्थानिक साहित्य वर्गात आणण्याची परंपरा मराठीत मोठी आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी आणि कोसबाड इथे बिया, पाने, शंख-शिंपले यांतून बालशिक्षणाचे साहित्य उभे केले, कारण विकतचे माँटेसरी साहित्य गरीब मुलांच्या हाती येणे शक्य नव्हते. गोव्यात तर हे साहित्य दाराशीच आहे. चवथीच्या आधी गणपतीच्या वर टांगायच्या माटोळीसाठी घरोघरी रानफळे, वेली आणि पाने गोळा होतात, आणि कोणते फळ कुठल्या डोंगरावर मिळते हे आठ-नऊ वर्षांच्या मुलाला पुष्कळदा शिक्षकापेक्षा चांगले ठाऊक असते. ती फळे मुलांनी वर्गात आणली, त्यांची स्थानिक नावे स्वतःच्या अक्षरांत लिहिली, कोणते खाण्याचे आणि कोणते औषधाचे हे घरच्या आजीला विचारून टिपले, तर परिसर अभ्यासाचा तो कोपरा बाजारात मिळणाऱ्या ‘फळांची नावे’ या तक्त्याहून वेगळ्या दर्जाचा होतो. तिथे जाणकार मूल असते आणि विचारणारे शिक्षक.

बसण्याच्या व्यवस्थेबाबत एक गैरसमज दूर करायला हवा. बाक गोलाकार मांडले की वर्ग आधुनिक झाला आणि रांगेत ठेवले की जुनाट राहिला, असे काही नाही. उपलब्ध संशोधनाचा कल असा आहे की एकट्याने करायच्या कामात रांगा बऱ्या ठरतात आणि बोलून करायच्या कामात गट. तेव्हा कामाप्रमाणे मांडणी बदलता येणे आणि ती मुलांना स्वतः बदलता येणे, हे महत्त्वाचे. ज्या शाळेत जड लाकडी बाक हलत नाहीत, तिथे सतरंजी आणि पाट यांनी काम भागते. एकाच खोलीत पहिली ते चौथी बसतात अशा कमी पटाच्या शाळा गोव्यात पुष्कळ आहेत, आणि तिथे तर मुलांनी जागा आणि साहित्य स्वतः सांभाळणे ही चैन राहत नाही, ती गरज होते. शिक्षिका पहिलीला अक्षरओळख करून देत असताना चौथीची मुले आपले काम कुठून घ्यायचे, कुठे बसून करायचे आणि झाल्यावर कुठे ठेवायचे हे न विचारता जाणत असतील, तरच तो वर्ग चालतो. तिथे प्रत्येक वस्तूची जागा ठरलेली, उघडी आणि खुणेने दाखवलेली असावी.

कामाच्या वाटणीविषयी मात्र जपून बोलले पाहिजे. ‘वर्ग तुमचा आहे’ असे म्हणून मुलांकडून फुकट कामे करून घेणे सोपे असते. झाडू मुलींच्या हातात, घंटा आणि हजेरीपट मुलांच्या हातात, शौचालयाची बादली एखाद्या ठराविक घरच्या मुलाच्या हातात, असे वाटप जिथे होते तिथे मालकीच्या नावाखाली गावातली उतरंडच वर्गात आलेली असते. कामे पाळीपाळीने फिरली पाहिजेत, हलकी-भारी सर्वांच्या वाट्याला आली पाहिजेत, शौचालयाची स्वच्छता मुलांकडे असता कामा नये, आणि ज्या कामात मेहनत आहे त्यात थोडा निर्णयही असला पाहिजे. पुस्तके आवरणाऱ्या गटाला पुस्तके कशी लावायची हे ठरवता यावे, रोपांना पाणी घालणाऱ्या गटाला कोणते रोप लावायचे हे ठरवता यावे. वर्षभर एकच मॉनिटर ठेवण्याची पद्धतही सोडून द्यावी असे मला वाटते. तिच्यातून एका मुलाला अधिकार मिळतो आणि बाकीच्यांना आणखी एक साहेब.

नियम आणि शिक्षा यांचा प्रश्न इथेच येतो. शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांना शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 ने बंदी घातली आहे, आणि कलम 29 मध्ये मूल भयमुक्त असावे व त्याला आपले मत मोकळेपणाने मांडता यावे, असे म्हटले आहे. 1989 च्या संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क कराराला भारताने 1992 मध्ये मान्यता दिली. त्यातले 12 वे कलमही मुलाशी संबंधित बाबींत त्याचे म्हणणे ऐकण्याविषयी आहे. ऐकण्याची एक ठरलेली वेळ असेल तर कायद्यातल्या या शब्दांना रोजच्या वर्गात अर्थ येतो. आठवड्यातून एकदा, वीस मिनिटे, सगळे जमिनीवर गोलात बसून: कोणता नियम जमला, कोणता जमला नाही, कोणाला काय अडले. शिक्षकही हात वर करून बोलतो आणि त्याचे म्हणणे एकाचेच म्हणणे म्हणून मोजले जाते. एखादी वस्तू तुटली तर ‘कोणी तोडली?’ याऐवजी ‘आता दुरुस्त कशी करायची?’ हा प्रश्न आधी यावा. फाटलेले पुस्तक शिवणे, सुटलेली फळी सुताराकडून बसवून घेताना तिथे उभे राहून पाहणे, ही कामे मुलांना वस्तूशी ज्या तऱ्हेने जोडतात तसे दंड कधीच जोडत नाही.

सामायिक मालकी म्हणजे काय, हे गोमंतकीयांना वेगळे सांगावे लागू नये. आपल्याकडची गावकरी पद्धत पोर्तुगीजांच्याही आधीची. तिच्या चालीरीती त्यांनी 1526 च्या सनदेत नोंदवून घेतल्या. जमीन कोणा एकाची नव्हती, गावाची होती, शेते ठराविक काळासाठी कसायला दिली जात, आणि खाजनाचे, म्हणजे खाडीकाठच्या सखल शेतजमिनीचे, बांध फुटले तर त्याचा भार सर्वांनी उचलायचा असे. हक्क आणि देखभाल तिथे एकमेकांपासून सुटे नव्हते, आणि वर्गाच्या बाबतीत शिकण्यासारखे नेमके तेच आहे. पण त्या पद्धतीतला एक दोषही ध्यानात ठेवायला हवा: गावकरी असण्याचा मान मूळ घराण्यांतल्या पुरुषांकडे जन्माने येई, आणि बाहेरून आलेला पिढ्यान्‌पिढ्या बाहेरचाच राही. आज आपल्या सरकारी शाळांत कर्नाटक, उत्तर प्रदेश, बिहार इथून कामासाठी आलेल्या कुटुंबांची मुले मोठ्या संख्येने आहेत. त्यांच्यातले एखादे मूल पावसाळा संपल्यावर, वर्ष अर्धे सरल्यावर दाखल होते. तोवर कोपरे ठरलेले असतात, गट पडलेले असतात, दोरीवरची जागा भरलेली असते. अशा वेळी वर्गाची खरी परीक्षा होते. नव्या मुलासाठी पहिल्याच दिवशी दप्तराची जागा, चित्राचा चिमटा आणि कामाच्या पाळीत नाव असेल, आणि ठरलेल्या गोष्टींपैकी एखादी त्याच्या सांगण्यावरून बदलू शकत असेल, तर तो वर्ग सर्वांचा आहे.

भाषेचेही तसेच. गोव्यातल्या मराठी शाळेत घरी कोकणी बोलणारी मुले असतात, शेजारी कन्नड किंवा हिंदी बोलणारे मूल असते, आणि पुस्तक मराठीत असते. मुलांना मराठी उत्तम यावी अशी माझी मनापासून इच्छा आहे, आणि म्हणूनच मला वाटते की घरच्या भाषेतले शब्द वर्गाच्या भिंतीवर यायला हवेत. एकाच वस्तूची तीन भाषांतली नावे मुलांनी शेजारी शेजारी लिहिली, तर मराठी शब्द त्यांना परका वाटत नाही.

शिक्षकाने स्वतःकडे काय ठेवायचे, हे थोडक्यात सांगता येईल. मुलांची सुरक्षितता, अभ्यासक्रमातली उद्दिष्टे आणि कोणाचा अपमान होऊ न देणे, या तीन बाबी बहुमताने ठरवायच्या नसतात, आणि तसे मुलांना स्पष्ट सांगावे. मर्यादा उघडपणे सांगितली की मुले ती स्वीकारतात; मर्यादा नाही असे भासवून मागून नकार दिला की पुढच्या वेळी ती बोलत नाहीत.

माध्यमिक शाळेत हे कठीण होते, कारण तिथे दर तासाला शिक्षक बदलतो आणि खोली कोणा एकाच्या जबाबदारीची उरत नाही. तरी वर्गशिक्षकाच्या हातात एक भिंत, एक कपाट आणि आठवड्यातला एक तास असतोच, आणि दहावीच्या वर्षातही अभ्यासाचे गट कसे पाडायचे व उजळणीचे वेळापत्रक कसे आखायचे हे मुलांवर सोपवता येते.

बदल होतो आहे की नाही, हे ओळखायला वेगळ्या प्रश्नावलीची गरज नाही. शिक्षक दहा मिनिटे उशिरा आला तर वर्गात काय चाललेले असते, मुले ‘बाई, हे करू का?’ असे दिवसातून किती वेळा विचारतात, आणि पाहुण्याला वर्ग दाखवायला सांगितले तर मूल काय काय दाखवते, यांवरून पुरेसे कळते. पाहुण्याला स्वतःच्या हाताने केलेली किंवा दुरुस्त केलेली वस्तू आधी दाखवणारे मूल त्या खोलीत रुजलेले असते.

एक व्यावहारिक गोष्ट राहिली. मुले वर्षाअखेर पुढच्या इयत्तेत जातात आणि खोली दुसऱ्यांची होते. तेव्हा मागच्या मुलांनी केलेले सर्व काही जपून ठेवण्याचा मोह टाळावा, कारण नव्या मुलांना ते पुन्हा दुसऱ्याचेच वाटते. सुट्टी लागण्यापूर्वी जुन्या मुलांनी आपले काम घरी न्यावे, दोऱ्या रिकाम्या कराव्यात आणि येणाऱ्यांसाठी एका वहीत लिहून ठेवावे: कुठल्या खिडकीतून झड येते, कुठला बाक डगमगतो, कुठले पुस्तक सर्वांना आवडले, कोणता नियम टिकला आणि कोणता मोडावा लागला. नव्या वर्षी पहिल्या दिवशी ती वही मोठ्याने वाचावी आणि वर्ग कसा लावायचा, हे नव्या मुलांना विचारावे.